चैत्रपालवीला पाणी कुठून येतं?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सह्याद्रीतली कुठलीही घाटवाट चढून बघा. ऑक्टोबरनंतर धड पाऊस असा झालेलाच नसतो. गवत करपलेलं, मध्येच वणव्याचा काळा पट्टा, ओढ्यात नुसते गोटे. पायाखालची माती इतकी सुटलेली की उतरताना बूट घसरतो. आणि अशा भकास उतारावर एखादा कोशिंब अंगभर लालभडक कोवळी पानं लेवून उभा असतो. शेजारी करंज पोपटी, पिंपळ तांबूस. आपण त्याला चैत्रपालवी म्हणतो, पाडव्याच्या शुभेच्छांत वापरतो आणि पुढे जातो.

मला हा प्रकार बरीच वर्षं खटकत होता. कोवळं पान म्हणजे बहुतांशी पाणीच. पेशीत पाणी भरून ती फुगल्याशिवाय पान उलगडत नाही. मग वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत, मृगाला अजून दोन महिने असताना, हे झाड नवी पानं काढण्याची चैन कशाच्या जोरावर करतं? वरची माती तर चिमटीत धरली की उडून जाते.

उत्तर तीन शब्दांचं आहे. खाली पाणी असतं. पण खाली म्हणजे नेमकं कुठे, किती, आणि ते केव्हा संपतं, हे कळायला लागलं की डोंगरावरचा दुष्काळ आपण समजतो त्यापेक्षा बराच वेगळा निघतो.

घाटातला काप

काही वर्षांपूर्वी एका घाटात रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि आमची एसटी तासभर अडकली. लोक खाली उतरले, मीही उतरलो. समोर डोंगराचा ताजा काप होता, जेसीबीने केक कापावा तसा सरळ उभा कापलेला.

वर जेमतेम हातभर माती, पालापाचोळ्याने काळपट झालेली. तिच्याखाली दोन-तीन पुरुष मुरूम. (विहीर खणणारे खोली पुरुषात मोजतात. डोंगराला मोजायला मला तेच माप बरं वाटतं.) मुरमात मध्येमध्ये गोल धोंडे, कांद्यासारखे पापुद्रे सुटत चाललेले. म्हणजे तोही एकेकाळी काळा दगडच होता, कुजत कुजत मुरूम होतोय. त्याच्या खाली अखंड वाटणारा काळा पाषाण, पण नीट पाहिलं तर त्यालाही उभ्या-आडव्या भेगा. आणि या सगळ्यातून खाली आलेली मुळं. अंगठ्याएवढं एक मूळ मुरूम ओलांडून थेट पाषाणाच्या भेगेत शिरलं होतं. भेगेत जागा नसल्याने ते पट्ट्यासारखं चपटं झालं होतं आणि तसंच खाली गेलं होतं. कुठपर्यंत, ते दिसत नव्हतं. भेगेच्या कडेला मात्र हात लावला तर थंड ओल लागत होती. महिना मार्च.

शाळेत आपण शिकतो की झाडं मातीतून पाणी घेतात. डोंगरावरच्या झाडांसाठी ही अर्धीच गोष्ट आहे. हातभर मातीत राहून राहून पाणी राहणार किती? खरं कोठार मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात असतं.

आपला खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, वरचा बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. ते बुडबुडे पुढे पांढऱ्या खनिजांनी भरले की त्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल गेरूचा पट्टा असतो. तो पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही, म्हणून अशा पट्ट्याच्या रेषेत डोंगराच्या अंगाला झरे फुटलेले दिसतात. महाबळेश्वरसारख्या पठारांच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे. ती सच्छिद्र असते. तिच्यात मुरलेलं पाणी टोपी संपते तिथे, कड्याखाली, बाहेर येतं.

आता एक बारकावा, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. खडकात आणि मुरमात पाणी दोन प्रकारे राहतं. रुंद भेगांमधलं पाणी आपल्या वजनाने खाली सरकत राहतं आणि शेवटी झरा, ओढा किंवा विहीर गाठतं. बारीक छिद्रांमधलं पाणी मात्र सरकत नाही. पिळलेल्या फडक्यात जशी ओल राहते, तसं ते मुरमाला चिकटून बसतं. ते विहिरीत कधीच येत नाही, पंपाने उपसता येत नाही. ते फक्त मूळच ओढून घेऊ शकतं. म्हणजे ओढा आटला तरी झाड हिरवं असू शकतं, कारण दोघांची कोठारं काही अंशी वेगवेगळी आहेत. कोशिंब एप्रिलमध्ये हे दुसरं पाणी पितो.

भूजलाच्या नकाशात हे पाणी दिसत नसे आणि मातीच्या नकाशातही नसे, त्यामुळे शास्त्रज्ञांच्या हिशेबातूनही ते बराच काळ निसटलं होतं. डॅनिएला रेम्पे आणि विल्यम डीट्रिच यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ईल नदीच्या खोऱ्यात एका जंगली उतारावर खडकात भोकं पाडून, त्यात उपकरणं सोडून, वर्षानुवर्षं ओल मोजली. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की वर्षभराच्या पावसाचा २७ टक्क्यांपर्यंतचा वाटा मातीखालच्या कुजक्या खडकात साठतो आणि उन्हाळ्यात झाडं तोच पितात. तीन वर्षांनी अमेरिकेपुरता आणखी मोठा हिशेब आला. तिथल्या जंगल आणि झुडपी रानाच्या किमान २४ टक्के क्षेत्रात झाडं नेमाने खडकातलं पाणी वापरतात. आपल्या विहीर खणणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मुरमात ओल असते हे त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

रांजण केवढा?

डोंगर म्हणजे रांजण समजा. आता हिशेब करू. आकडे हिशेबापुरते आहेत, प्रत्येक डोंगराचे वेगळे निघतील.

एक मीटर जाडीच्या मुरमात झाडाला काढता येईल असं पाणी साधारण दहा टक्के धरलं, तर ते १०० मिलिमीटर पावसाइतकं झालं. मुरूम चार मीटर असेल तर ४०० मिलिमीटर. भर पानात असलेलं जंगल दिवसाला तीनेक मिलिमीटर पाणी हवेत सोडतं, महिन्याला ९०. ऑक्टोबर अखेरीपासून मृगापर्यंत सात महिने, म्हणजे लागणार सहाशेच्या वर, आणि रांजणात आहेत चारशे.

तूट उघड आहे. पानगळ हे या तुटीवरचं उत्तर. साग, ऐन, धावडा, पळस ही मंडळी जानेवारी-फेब्रुवारीपासून पानं टाकायला लागतात. आपण त्याला उदास ऋतू म्हणतो. झाडाच्या बाजूने बघितलं तर तो काटेकोर व्यवहार आहे. पान टाकलं की खर्च थांबतो. दोन-अडीच महिने उघडं राहून जी थोडी शिल्लक पडते, तिच्यावर चैत्रात नवी पानं काढायची. म्हणजे पाऊस येईल तेव्हा कारखाना तयार, पहिल्या दिवसापासून काम सुरू. जोखीम आहेच. मृग लांबला तर कोवळी पानं भाजतात.

आता खरी गंमत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एकट्या जुलैत दोन हजारांच्या घरात. आपला चारशेचा रांजण जूनअखेरीलाच काठोकाठ भरलेला असतो. पुढचं सगळं वरून वाहून जातं. समजा एखाद्या वर्षी पाऊस निम्माच झाला, तरी रांजण भरणारच. पेपरात बातमी येईल की घाटमाथ्यावर पन्नास टक्के तूट, धरणाचे अभियंते काळजीत पडतील, आणि ते योग्यच आहे, कारण धरण ओसंडलेल्या पाण्यावर भरतं. पण माथ्यावरच्या अंजनीला आणि जांभळाला त्या तुटीची फारशी खबरही लागणार नाही. त्यांच्या दृष्टीने रांजण भरला, झालं.

मग त्यांचा दुष्काळ कशात? शेवटचा पाऊस कधी पडला आणि पुढचा कधी येणार, यात. रांजण भरलेला राहण्याचा शेवटचा दिवस सप्टेंबरच्या मध्यात असेल की ऑक्टोबरच्या अखेरीस, या सहा आठवड्यांच्या फरकाने सगळं ठरतं. २०१८ साली महाराष्ट्रात सप्टेंबरपासून पावसाने हात आखडता घेतला, परतीचा पाऊस बऱ्याच भागात आलाच नाही, आणि ऑक्टोबरअखेर सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जून-जुलैची बेरीज कितीही चांगली असली, तरी हातभर मातीला आणि चार मीटर मुरमाला ती जूनपर्यंत पुरत नाही.

महाबळेश्वरहून पूर्वेला निघालं की चित्र झपाट्याने पालटतं. पाचगणी अवघ्या अठरा-वीस किलोमीटरवर, तिथेच पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पुढे माण-खटावला पाचशेच्या आसपास. इथे रांजण पुरता भरतच नाही, कारण ओतणाराच हात आखडता. इथे दहा टक्के पाऊस कमी म्हणजे थेट दहा टक्के पाणी कमी, कधी त्याहून जास्त. एकाच जिल्ह्यात दोन दुष्काळ आहेत. एक ओतणाऱ्याचा, एक रांजणाचा. टक्केवारीच्या तक्त्यात ते एकाच रंगात रंगवले जातात, हा माझा त्या तक्त्यांवरचा जुना राग आहे.

मोठ्या रांजणाचं दुखणं

रांजण मोठा असला की सगळं ठीक, असं वाटेल. तिथे सिएरा नेवाडाची गोष्ट कामाला येते. कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगाला पसरलेली ही डोंगररांग. बे एरियातली मराठी मंडळी लाँग वीकेंडला योसेमिटीला जातात, ते याच रांगेत. योसेमिटीचे उघडे ग्रॅनाइटचे कडे हिमनद्यांनी घासून काढलेले, तिथे माती नाही आणि मुरूमही नाही. पण रांगेच्या मधल्या उंचीवर, जिथे हिमनद्या पोचल्या नाहीत, तिथला ग्रॅनाइट दहा-दहा मीटर खोल कुजलेला आहे. बोटाने उकरता येतो. रांजण खूपच मोठा. झाडं सूचीपर्णी, पानं न टाकणारी, आणि पाऊस-बर्फ हिवाळ्यात. म्हणजे पाणी येतं तेव्हा थंडी, आणि गरज असते तेव्हा उन्हाळा कोरडा. सगळा खेळ साठवणीवर.

२०१२ ते २०१५ अशी लागोपाठ चार वर्षं तिथे दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी जंगल हिरवंगार राहिलं. दुसऱ्या वर्षीही. खडकातली शिल्लक होती, झाडं ती काढून खात होती, वरून काहीच दिसत नव्हतं. शिवाय वर्षं गरम होती आणि हवा तापली की झाडाची तहान वाढते. भरीला शंभर वर्षांचं एक धोरण. तिथे जंगलात आग लागली की लगेच विझवायची, असा दंडक होता. पूर्वी लहानसहान आगी अधूनमधून खालची दाटी साफ करत. त्या थांबल्यामुळे जंगल गच्च दाटलं होतं. एका रांजणाला पिणारी तोंडं जास्त.

१ एप्रिल २०१५ ला गव्हर्नर जेरी ब्राउन बर्फ मोजायच्या ठरलेल्या जागी गेले. एरवी त्या दिवशी तिथे साडेपाच फुटांच्या आसपास बर्फ असतो. ते उभे राहिले ते पिवळ्या गवतावर. राज्यभरचा बर्फसाठा सरासरीच्या पाच टक्के होता. बर्फ हा तिथला दुसरा रांजण, डोंगराच्या डोक्यावर ठेवलेला, जो वितळत वितळत खालच्याला भरत राहतो. तोही रिकामा.

आणि मग झाडं मरायला लागली. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की सर्वाधिक झाडं मेली ती २०१६ मध्ये, हिवाळ्यातला पाऊस सरासरीच्या जवळ गेलेल्या वर्षी. अमेरिकेच्या वनसेवेने विमानातून केलेल्या पाहणीत त्या एका वर्षात ६.२ कोटी मेलेली झाडं मोजली. २०१७ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातली एकूण बेरीज १२.९ कोटींवर गेली. दुष्काळ सरला असं माणसं म्हणत होती, तेव्हा डोंगर तांबडा पडत होता.

मायकेल गुल्डन आणि रॉजर बेल्स या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये याचा उलगडा मांडला. चार वर्षांत झाडांनी पाच ते पंधरा मीटर खोलीपर्यंतचं पाणी उपसून संपवलं होतं. जिथे दाटी जास्त आणि उष्णता जास्त, तिथे तळ आधी लागला, आणि तिथेच झाडं सर्वाधिक मेली. एका सरासरी हिवाळ्याने एवढा खोल खड्डा भरून निघत नाही.

त्याच दुष्काळात त्याच राज्यात, किनाऱ्याजवळच्या काही डोंगरांत, जिथे रांजण तिथल्या पावसाच्या मानाने लहान होता, झाडं बऱ्यापैकी सहीसलामत निभावली. कमी पावसाच्या वर्षीही त्यांचा रांजण भरत होता. ती झाडं मुळात तेवढ्यावरच जगायला शिकलेली होती. मोठ्या रांजणाकाठची झाडं मात्र सवयीने सढळ झाली होती. लहान रांजण दरवर्षी हिशेब चुकता करायला लावतो. मोठा रांजण उधारी चालू देतो, आणि वसुली एकदम येते.

झाड मरतं म्हणजे काय होतं

पानातून पाणी हवेत जातं तसं मागचं पाणी वर ओढलं जातं. मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचे बारीक अखंड धागे ताणलेले असतात. खाली ओल कमी झाली की ताण वाढतो, आणि एका मर्यादेपलीकडे धागा तुटतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. उसाच्या रसाच्या स्ट्रॉला भोक पडल्यावर कितीही ओढलं तरी रस येत नाही, तसंच. हे धागे तुटताना बारीक आवाज होतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, पण यंत्रावर ती टकटक नोंदवता येते.

झाडाकडे दोन पर्याय असतात. एक, पानांची रंध्रं लवकर मिटून घ्यायची. धागे वाचतात, पण त्याच रंध्रांतून आत येणारी हवाही बंद होते, म्हणजे अन्न बनणं थांबतं. दुसरा, रंध्रं उघडी ठेवायची, अन्न बनवत राहायचं आणि धागे तुटायचा धोका घ्यायचा. सिएरातला पाँडेरोसा पाइन पहिल्या पंथाचा. तो महिनोन्महिने मिटून बसला, साठवलेलं खात राहिला, आणि त्याच्याकडे राळ बनवायलाही ऐवज उरला नाही. पाइनच्या सालीत भोक पाडून शिरणाऱ्या भुंगेऱ्याला झाड एरवी राळेत बुडवून मारतं. राळ आटली आणि भुंगेऱ्यांचं फावलं. सरकारी मृत्यूच्या दाखल्यावर कारण भुंगेरा असं लिहिलं जातं. ते खोटं नाही, पण उपाशी माणूस साध्या तापाने गेला तर दोष तापाला द्यायचा का, तसं आहे ते.

आपली पानझडी झाडं तिसऱ्या पंथाची. पानच टाकून द्यायचं, म्हणजे प्रश्नच मिटला. महाबळेश्वरची सदाहरित अंजनी बुटकी राहते, पानं जाड आणि चामड्यासारखी ठेवते, शिवाय उंचीमुळे हवा थंड असते म्हणून निभावते. तीच अंजनी कोरड्या पूर्व उतारावर तुम्हाला क्वचित दिसेल.

मुळांची आणखी एक करामत सांगण्यासारखी आहे. रात्री पानं पाणी ओढत नाहीत. तेव्हा काही झाडांच्या खोल मुळांतलं पाणी वर चढून वरच्या कोरड्या मातीत झिरपतं. सकाळी झाड ते पुन्हा पितं, पण तोवर आजूबाजूच्या रोपट्यांनीही घोटभर घेतलेलं असतं.

मातीचं काम दाराचं

हातभर मातीत फार साठत नाही, हे खरं. म्हणून ती बिनमहत्त्वाची ठरत नाही. ती रांजणाचं तोंड आहे. पाणी आत जायचं तर तिच्यातूनच. पालापाचोळा, गांडुळांची बिळं, कुजलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या हे सगळं शाबूत असेल तर मुसळधार पाऊसही आत घुसतो.

लांबलेल्या कोरड्या काळात हे दार गंजतं. पार सुकलेली, सेंद्रिय द्रव्य असलेली माती काही काळ पाणी चक्क झटकते. फार दिवस कोरड्या पडलेल्या कुंडीत पाणी ओतल्यावर ते वरच्यावर कडेने निघून जातं, तसं. वणव्याने पाचोळा जळला की उघड्या मातीवर थेंब थेट आपटतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर पापडी धरते. सह्याद्रीत वणवे जवळजवळ सगळे माणसाने लावलेले. पुढच्या पावसात गवत चांगलं येतं, या समजापायी. गवत येतंही. पण त्या उताराचं दार त्या वर्षी अर्धं लागलेलं असतं.

दुष्काळ संपल्यावर ओढे लगेच का वाहत नाहीत, हेही इथेच कळतं. मृगाचे पहिले चार पाऊस पडून जातात, अंगण चिखलाने भरतं, तरी डोंगरातला ओढा कोरडाच. डोंगर पीत असतो. आधी बारीक छिद्रं भरतात, मग रुंद भेगा, मग ओढा. जितका खोल उपसा झाला असेल तितकी ही वाट लांबते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात दशकभर चाललेला मोठा दुष्काळ २०१० च्या सुमारास सरला. त्यानंतर सात वर्षांनी पाहिलं तर एक तृतीयांशाहून अधिक पाणलोट पूर्वपदावर आलेच नव्हते. पाऊस आला, पण तेवढ्याच पावसात पूर्वीइतकं पाणी ओढ्यांत उतरेना.

स्पंज की पंप?

जंगल स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं, हे वाक्य पाठ्यपुस्तकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सगळीकडे आहे. ते अर्धं खरं आहे. जंगल दार उघडं ठेवतं, हे खरं. पण जंगल पितंही, आणि भरपूर पितं. ज्याचं पारडं जड, तसा ओढ्याचा नफा-तोटा.

निलगिरी पर्वतात ग्लेनमॉर्गनला याचा चांगला प्रयोग झाला आहे. शोला जंगल (तिथल्या घळींतलं बुटकं सदाहरित रान) आणि गवताळ रानाच्या दोन शेजारच्या पाणलोटांपैकी एकात ब्लू गम, म्हणजे निलगिरीची झाडं लावली, दुसरा तसाच ठेवला. पहिल्या दहा वर्षांच्या फेरीतच लावलेल्या पाणलोटातून बाहेर येणारं पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटलं. दक्षिण आफ्रिकेने तर १९९५ पासून डोंगरांतली परदेशी झाडं तोडून पाणी वाढवायचा सरकारी कार्यक्रमच चालवला आहे.

म्हणून उघड्या डोंगरावर दिसेल ते झाड लावून गावाचा झरा वाढेल, असं कुणी सांगितलं की मी विचारतो, कुठलं झाड? पानं टाकणारं की बारमाही पिणारं? दाटी किती? आणि मुळात तो डोंगर पाण्यापायी अडलाय की दारापायी? दगडासारखी घट्ट झालेली, गुरांनी तुडवलेली माती असेल तर झाडोरा आल्याने आत जाणारं पाणी पिण्याच्या खर्चापेक्षा जास्त भरू शकतं. दार आधीच उघडं असेल तर नवीन झाडं फक्त नवीन तोंडं. सड्यावरच्या गवतात खड्डे घेऊन ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

चर खणण्याचंही तसंच. जो रांजण जूनमध्येच ओसंडतो, त्याच्या माथ्यावर आणखी चर खणून जुलैचं पाणी मुरवायला जागा आहे कुठे? तेच चर पूर्वेकडच्या उतारावर, जिथे रांजण अर्धा रिकामा असतो, तिथे सोनं आहेत. झऱ्याच्या बाबतीत तर आणखी एक गोम असते. खडकाचे थर ज्या बाजूला कलते, पाणी त्या बाजूला जातं. झरा डोंगराच्या या अंगाला असला तरी त्याचं पाणी मुरतं ती जागा पलीकडच्या अंगाला, कधी दुसऱ्या गावाच्या हद्दीत असू शकते. सिक्कीमने २००८ पासून धारा विकास नावाचं काम हाती घेतलं, त्यात आधी खडक वाचून ही मुरण्याची जागा शोधायची आणि मगच खणायचं, असा शिरस्ता ठेवला. तिथल्या लोकांना खडक वाचायला शिकवणाऱ्यांत पुण्याची ॲक्वाडॅम ही संस्था होती. बेसाल्टवर हात बसलेली माणसं हिमालयात उपयोगी पडली.

तुमच्या गावी झरा असेल तर एक साधी गोष्ट करून पाहा. दर महिन्याला एकाच तारखेला, एकच कळशी धारेखाली ठेवायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते वहीत लिहायचं. चार-पाच वर्षांत तुमच्या रांजणाचा आकार कागदावर उमटतो. धार हळूहळू बारीक होत गेली तर रांजण मोठा, पाणी सावकाश सुटतंय. फेब्रुवारीत एकदम कोसळली तर लहान.

भोरच्या बाजूला एका वाडीत मी असाच कळशी लावून बसलो होतो, मोबाइलवर सेकंद मोजत. जानेवारीत जी मिनिटभरात भरली होती, ती आता निम्म्यावरही आली नव्हती. मागे हंडा घेऊन एक आजी येऊन बसल्या. मी म्हटलं, "आजी, औंदा पाऊस तर चांगला झाला होता की. धार एवढी बारीक कशी?"

"त्यो आखाडातला रं बाबा," त्या म्हणाल्या. "आखाडातला कुठं ऱ्हातोय, त्यो गेला धरणात. दसऱ्याला पडला व्हता का? न्हाय ना? मग."

कळशी भरायला अजून वेळ होता. त्यांनी हंडा बाजूला ठेवला आणि समोरच्या कोशिंबाकडे बघत बसल्या. त्याला नुकती पालवी फुटत होती, गेल्या वर्षीपेक्षा विरळ.